रोमन लोकांचं रोजचं जगणं आणि जेवणखाण: कुठली पुस्तकं घेऊ?

मुळशीकरीण

नमस्कार मंडळी,

आमचा पुण्यात एक छोटासा वाचनगट आहे. एक विषय ठरवायचा, ज्याने त्याने आपल्या परीने वाचून यायचं आणि ज्याच्या घरी भेटू त्याने विषयाला धरून काहीतरी खायला करायचं असा नियम पडून गेलाय (निम्मी मंडळी खायलाच येतात, असो). या वेळी विषय निघाला प्राचीन रोम आणि घर माझं.

आता रोमबद्दल मला जे माहितीये ते सगळं शाळेतलं आणि पिक्चरमधलं, म्हणजे सीझर, ग्लॅडिएटर आणि नीरो. मला राजे आणि लढाया नकोयत. सकाळी उठून लोक काय खायचे, चूल कुठे असायची, भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस रात्री काय जेवायचा, पाणी कोण भरायचं, असलं वाचायचंय. आणि दुसरं म्हणजे स्वयंपाकाचं पुस्तक, पण आपल्या किचनमध्ये खरंच करता येईल असं. नेटवर बघावं तिकडे अपिशियस अपिशियस चाललंय (जुनं रोमन पाककृतींचं पुस्तक), तोच घेऊ का? गटात निम्मे शाकाहारी आहेत, एक काकू लसूण अजिबात खात नाहीत आणि माझ्याकडे ओटीजी आहे, भट्टी नाही. इंग्रजी चालेल, आपल्याकडच्या भाषेत असेल तर सोन्याहून पिवळं. विकत एक-दोनच घेईन, बाकी लायब्ररी नाहीतर किंडल.

ग्रंथकीटक

जगण्याबद्दल एकच घ्यायचं असेल तर मेरी बिअर्डचं 'पॉम्पेई: द लाइफ ऑफ अ रोमन टाउन' घे, 2008 चं आहे. पॉम्पेई म्हणजे इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन गाव. अमेरिकेत तेच पुस्तक 'द फायर्स ऑफ व्हेसुव्हियस' या नावाने निघालंय, दोन वेगळी समजून दोन्ही मागवू नकोस म्हणजे झालं. तुला हवंय ते सगळं त्यात आहे, रस्त्यात मधेमधे ते उंच दगड कशाला ठेवलेत, गाड्यांना एकेरी वाहतूक होती का, बेकरीत पीठ दळायला कोण जुंपलेलं असायचं, वगैरे. आणि बाईची सवय अशी की गाईड लोक जे छातीठोकपणे सांगतात त्याला ती विचारते, हे कशावरून? मला तेच आवडतं, काही लोकांना मात्र सारखं 'बहुधा' आणि 'कदाचित' वाचून वैताग येतो. तिचंच 'एसपीक्यूआर' पण गाजलंय, पण ते हजार वर्षांचा राजकीय इतिहास आहे, तुझ्या कामाचं कमी.

हलकंफुलकं हवं असेल तर आल्बेर्तो आंजेला नावाच्या इटालियन टीव्हीवाल्याचं 'अ डे इन द लाइफ ऑफ एन्शंट रोम'. सम्राट ट्रेजनच्या काळातला एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, लेखक तुझा हात धरून गल्लीबोळातून फिरवतो. गटातल्या न वाचणाऱ्या मंडळींना हे दे.

जुन्यांमध्ये कार्कोपिनोचं 'डेली लाइफ इन एन्शंट रोम' सगळे सुचवतील. मूळ फ्रेंच 1939 चं, इंग्रजी 1940 चं. भाषा झकास आहे, उंचच उंच चाळी, आगी, रात्रभर चालणारा गाड्यांचा खडखडाट, सगळं डोळ्यासमोर उभं राहतं, पण हा गृहस्थ जुवेनाल आणि मार्शल या दोन कवींच्या टवाळीवर फार विसंबतो. म्हणजे उद्या कोणी आपल्या वात्रटिका वाचून मुंबईचा इतिहास लिहिला तर कसं, तसा प्रकार. वाच, पण जपून.

आणि एक, जो ॲन शेल्टनचं 'ॲज द रोमन्स डिड'. हे म्हणजे मूळ कागदपत्रांचे उतारे, पत्रं, करार, थडग्यांवरचे लेख, दाईला नेमल्याचा करारनामा असलं सगळं, विषयवार लावलेलं. सलग वाचायचं नाही, कुठूनही उघडायचं. गटात मोठ्याने वाचून दाखवायला याच्यासारखं दुसरं नाही.

तिखटमीठ

स्वयंपाकाचं मी सांगते. अपिशियसपासून सुरुवात करू नकोस!! सगळे तिथेच जातात आणि तिथेच आपटतात.

अपिशियस नावाचा एक चैनी माणूस सम्राट तिबेरियसच्या काळात होऊन गेला हे खरं. सेनेका नावाच्या रोमन लेखकाने त्याचा किस्सा लिहून ठेवलाय, खाण्यापिण्यावर दहा कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) उडवून झाल्यावर साहेबांनी पहिल्यांदा हिशोब केला, फक्त एक कोटी उरले होते, आता उपाशी मरायची वेळ आली म्हणून विष घेतलं. पण त्याच्या नावावर जे पुस्तक आहे ते त्याच्या खूप नंतरचं संकलन आहे, साधारण चौथ्या-पाचव्या शतकातलं. साडेचारशेच्या वर पाककृती आणि बहुतेकांत मापच नाही. मिरी कुटा, लव्हेज (सेलरीसारखी एक वनस्पती) घाला, मध, व्हिनेगर, लिक्वामेन (माशाचं आंबवलेलं पाणी), उकळा, वाढा, संपलं. ज्याचा हात बसलाय अशा स्वयंपाक्याने दुसऱ्या स्वयंपाक्यासाठी केलेली टिपणं आहेत ती. शिवाय हे श्रीमंताचं ताट आहे, तुला जो भाड्याच्या खोलीतला माणूस हवाय तो यात सापडायचा नाही.

त्यापेक्षा मार्क ग्रँटचं 'रोमन कुकरी' बघ, 1999 चं. त्याने मुद्दाम साध्या लोकांचं जेवण धरलंय, डाळी, लापशा, पाव, पालेभाज्या, गेलन वैद्य काय म्हणतो, शेतीवर लिहिणारा कोलुमेला लोणची कशी घालतो. शाकाहारी मंडळींची सोय त्यातूनच होईल. किंवा अँड्र्यू डॅल्बी आणि सॅली ग्रेंजर या दोघांचं 'द क्लासिकल कुकबुक', 1996 चं, यात ग्रीक-रोमन दोन्ही आहे आणि प्रत्येक पदार्थाच्या आधी त्याची गोष्ट आहे. ग्रेंजर आधी व्यवसायाने शेफ आणि मग अभ्यासक, त्यामुळे तिची मापं बरोबर लागतात. विकत घ्यायला माझं मत यालाच.

पहिला पदार्थ लिबम, म्हणजे चीजचा केक, कर. ही केटो या रोमन पुढाऱ्याच्या शेतीच्या पुस्तकातली पाककृती, इ.स.पू. 160 च्या सुमाराची, आणि चक्क मापासकट आहे: चीज 2 पौंड नीट कुटून घ्या, पीठ 1 पौंड, हलकं हवं असेल तर अर्धाच पौंड, अंडं एक, मळून गोळा करा, खाली पानं घाला आणि तापलेल्या चुलीवर भांड्याखाली झाकून हळूहळू भाजा. रोमन पौंड म्हणजे आपले सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. रिकोटा मिळाला तर उत्तम, नाहीतर घरी दूध फाडून छेना कर आणि रवाळ राहू देऊ नकोस, तळहाताने घासून घासून लोण्यासारखा कर, सगळी गंमत त्यातच आहे. ओटीजीत मातीचं परळ उपडं घालून भाजलास तर वरून कवच छान येतं. पानं लॉरेलची घे, आपलं तमालपत्र नको, ते वेगळं झाड, वास दालचिनीकडे जातो. वरून मध ओतायची फॅशन आजकालची, केटोने तसं काही लिहिलेलं नाही, पण ओत, चांगला लागतो.

जाता जाता, याच केटोने याच पुस्तकात म्हातारे बैल आणि आजारी गुलाम विकून टाका म्हणून लिहिलंय, जुन्या गाडीच्या आणि मोडक्या अवजारांच्या यादीत. केक करताना हे पण गटात वाचून दाखव.

बोरीबंदर

अपिशियसला एवढं झोडपू नका हो. वेलिंगचं 1936 चं इंग्रजी भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या साइटवर फुकट आहे, चित्रं आहेत, टिपा मजेदार आहेत. बजेट नाही म्हणतायत ना त्या? फुकट ते पौष्टिक.

तिखटमीठ

@बोरीबंदर वाचायला हरकत नाही, मीही वाचते, माणूस गोष्टीवेल्हाळ आहे. पण त्यावरून करायला जाऊ नका. लिक्वामेन म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी, रोमन स्वयंपाकातलं मीठ म्हणा ना, आणि वेलिंग बऱ्याच ठिकाणी त्याचं सरळ 'ब्रॉथ' करून टाकतो. म्हणजे जिथे दोन चमचे फिश सॉस हवा तिथे तुम्ही वाटीभर सूप ओतणार आणि मग म्हणणार रोमन लोकांना चव नव्हती. अपिशियसच हवा असेल तर ग्रोकॉक आणि ग्रेंजर यांची 2006 ची आवृत्ती आहे, लॅटिन आणि इंग्रजी समोरासमोर, पण ती लायब्ररीतूनच आणा, महाग आहे. घरी करण्यापुरतं ग्रेंजरचंच 'कुकिंग अपिशियस' पुरे, छोटंसं आहे.

लंडनची_मावशी

ब्रिटिश म्युझियममध्ये 2013 साली पॉम्पेई आणि त्याच्यासारखंच गाडलं गेलेलं शेजारचं गाव हर्क्युलेनियम यांचं प्रदर्शन लागलं होतं तेव्हा तिथे तो जळून कोळसा झालेला पाव पाहिला होता. गोल, वरून आठ फाका पाडलेला, आणि त्यावर शिक्का उठवलेला, क्विंटस ग्रॅनियस व्हेरसचा गुलाम सेलेर याचा. काचेला नाक लावून किती वेळ उभी होते कोण जाणे, मागची माणसं कुरकुरायला लागली. इ.स. 79 चा पाव आणि त्यावर भाजणाऱ्याचं किंवा भाजायला देणाऱ्याचं नाव!

म्हणून मी सुचवेन अँड्र्यू वॉलेस-हॅड्रिलचं 'हर्क्युलेनियम: पास्ट अँड फ्यूचर', 2011 चं. मोठं, फोटोंनी भरलेलं, विकत घेऊ नकोस, मिळालं तर चाळ. त्यात तुझ्या भाड्याच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर आहे आणि ते सापडलंय कुठे, तर गटारात. दुकानं आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या असलेल्या एका इमारतीच्या खाली लांबलचक मैला साठायची मोरी होती, ती खणून शेकडो पोती माल काढला आणि चाळून चाळून पाहिला. अंजिराच्या बिया, ऑलिव्हच्या बिया, अंड्यांची टरफलं, माशांचे काटे, समुद्री साळू, असं बरंच काही. म्हणजे हे राजेरजवाडे नव्हेत, दुकानदार आणि भाडेकरू, तरी समुद्रकाठी राहत असल्यामुळे बरं खात होते. 'गरीब रोमन नुसती लापशी खायचा' हे आपण सगळीकडे वाचतो ना, ते त्यानंतर मी तरी तसंच्या तसं कुणाला सांगत नाही.

ग्रंथकीटक

मावशी, हर्क्युलेनियम हे खाऊनपिऊन सुखी गाव होतं, त्यावरून रोम शहराचं सांगता येणार नाही. रोमला सम्राट ऑगस्टसच्या काळात दोन लाख पुरुषांना सरकारी धान्य मिळायचं, महिन्याला 5 मोडियस म्हणजे तेहेतीस किलोच्या आसपास गहू, आणि तो दळायचा-भाजायचा खर्च ज्याचा त्याने बघायचा. बऱ्याच खोल्यांत चूलच नसायची, फार तर शेगडी, म्हणून मग बेकरीवाला आणि कोपऱ्यावरचा खाण्याचा ठेला. हे नीट समजून घ्यायचं तर पीटर गार्न्सीचं 'फूड अँड सोसायटी इन क्लासिकल अँटिक्विटी' आहे, 1999 चं. रुक्ष आहे हे आधीच सांगतो, पण बारीक आहे आणि भूक, कुपोषण, कडधान्यं यावर कोणीतरी सरळ बोललंय.

मुळशीकरीण

बापरे, किती छान माहिती!! सगळ्यांचे आभार. बिअर्ड किंडलवर घेतलं, क्लासिकल कुकबुक शोधतेय. आता दोन शंका. ते माशाचं पाणी घरात आणलं तर सासूबाई मला त्या बाटलीसकट बाहेर ठेवतील, त्याला पर्याय काय? आणि लसूण न खाणाऱ्या काकूंचं काय करू?

तिखटमीठ

काकूंची चिंता सोड, अपिशियसमध्ये लसूण जवळजवळ नाहीच, तो शेतकऱ्या-सैनिकांचा मानला जायचा. माशाच्या पाण्याला मांसाहारी बाजूला थाई फिश सॉस, साधा, ज्यात मासा आणि मीठ एवढंच लिहिलंय तो. शाकाहारी बाजूला सरळ मीठ घाल आणि पुढे जा, सोया सॉस वगैरे घालून भलतंच काहीतरी करू नकोस. मसूर आणि चेस्टनट असा एक अपिशियसचा प्रकार आहे, त्यात मिरी, जिरं, धने, पुदिना, हिंग, व्हिनेगर, मध आणि शेवटी वरून ऑलिव्ह तेल. मिठावर मस्त होतो. मूळ यादीत सताप पण आहे, ती गाळ, गटात कोणी गरोदर असेल तर धोक्याची आहे.

गोडाला खजूर. बी काढून आत बदाम-अक्रोड नाहीतर कुटलेली मिरी भरायची, वरून मिठात घोळवायचा आणि मधात परतायचा. दहा मिनिटांचं काम. मिरीवाला कर, लोक पहिल्या घासाला दचकतात आणि मग दुसरा उचलतात.

तेरकर

हिंग वाचून राहवलं नाही. रोमन लोकांची लाडकी वनस्पती होती सिल्फियम, लिबियातल्या सायरीनीजवळ उगवायची, ती त्यांनी खाऊन संपवली, थोरला प्लिनी नावाचा रोमन लेखक म्हणतो आमच्या काळात एकच काडी मिळाली आणि ती नीरोला पाठवली. मग तिच्या जागी इराणकडचा हिंग आला. तोही इतका महाग की अपिशियसमध्ये एक युक्तीच दिलीय: काचेच्या बरणीत औंसभर हिंग आणि वीसेक पाइन नट ठेवा, लागेल तेव्हा नुसते दाणे काढून कुटून घाला आणि तेवढेच नवे दाणे बरणीत टाका, हिंग तसाच राहतो. माझ्या आजीने हे वाचलं असतं तर रोमन बाईला लगेच मैत्रीण केलं असतं. करून बघायचं असेल तर खडा हिंग घ्या, बांधानी हिंगात पीठ असतं, आणि पाइन नटऐवजी चिलगोजे चालतील.

पुस्तकाचं म्हणाल तर 'पेरिप्लस' वाचाच. पहिल्या शतकातल्या इजिप्तकडच्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली तांबड्या समुद्राच्या पलीकडच्या बंदरांची माहिती. लायोनेल कॅसनचं 1989 चं भाषांतर टिपांसकट आहे, शॉफचं 1912 चं जुनं फुकट मिळतं. त्यात सोपारा, कल्याण, चौल, पैठण आणि आमचं तेर, म्हणजे तगर, सगळं आहे. भडोचला काय उतरायचं तर इटलीची दारू, तांबं, कथील, पोवळं. काय चढायचं तर सुती कापड, हस्तिदंत, गोमेद आणि पिंपळी. हो, आपली काढ्यातली पिंपळी. प्लिनीच्या हिशोबाने पिंपळी 15 दिनार (रोमन चांदीची नाणी) पौंड, पांढरी मिरी 7 आणि काळी 4. तेव्हा मिरी बऱ्यापैकी मध्यमवर्गीय होती, पिंपळी मात्र शेठ लोकांची. त्याच प्लिनीचं रडगाणं आहे की हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो.

आपल्याकडच्या भाषेतलं हवं असेल तर मोतीचंद्रांचं 'सार्थवाह', हिंदीत आहे, 1953 चं, व्यापारी मार्गांवर इतकं भरभरून लिहिलेलं पुस्तक कमी. आणि वाचनगटाला सहल काढायची असेल तर तेरचं लामतुरे संग्रहालय बघा. तिथे एक हस्तिदंती बाईची मूर्ती आहे, तशीच्या तशी नाही पण त्याच घडणीची एक पॉम्पेईत 1938 साली सापडली, तिला सगळे पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात. किंवा कोल्हापूरला टाउन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेला कांस्याचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, आहे, वीतभराचा असेल नसेल, पण उभा कसला राहिलाय!

लॅटिनवेडा

उशिरा येतोय. सगळ्यांनी आजकालची पुस्तकं सांगितली, मी म्हणतो मूळ तीन छोट्या गोष्टी वाचा, एका रविवारी होतील.

पहिलं, धाकट्या प्लिनीचं (वर आला त्या प्लिनीचा भाचा) सेप्टिसियस या मित्राला लिहिलेलं पत्र, पेंग्विनमध्ये बेटी रॅडिसचं भाषांतर आहे. जेवायला येतो म्हणालास आणि आला नाहीस म्हणून लटका राग. माणशी एक लेट्यूस, तीन गोगलगायी, दोन अंडी, बर्फ घातलेली मधाची वाइन, ऑलिव्ह, बीट, कांदे असं सगळं मांडून ठेवलं होतं, आणि तू गेलास दुसरीकडे कालवं आणि स्पेनमधल्या कादिझच्या नाचणाऱ्या मुली बघून. शिष्टाचार, पैसा, हेवा, सगळं त्या एका पानात आहे. ताटात काय होतं याची यादी तर आयतीच मिळते.

दुसरं, 'मोरेटम' नावाची कविता, व्हर्जिलच्या नावावर खपते, त्याची नसावी. सिम्युलस नावाचा गरीब शेतकरी हिवाळ्यात अंधारात उठतो, चाचपडत चुलीपाशी जातो, हात भाजल्यावर कळतं की निखारा जिवंत आहे. मग पीठ दळतो, भाकर टाकतो, परसातून लसूण, कोथिंबीर, सताप आणतो आणि मीठ-चीज घालून खलात कुटायला बसतो. लसणाचा भपका नाकात जातो, डोळ्यांतून पाणी यायला लागतं, तो हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसतो आणि शिव्या मात्र बिचाऱ्या धुराला घालतो. खलबत्त्यात ठेचा कुटणाऱ्या कुणालाही ही कविता समजावून सांगायला लागणार नाही. काकूंसाठी हे करू नका, बाकीच्यांना भाकरीबरोबर द्या. मोठ्याने वाचायला पण छान आहे.

तिसरं, पेट्रोनियस या रोमन लेखकाच्या कादंबरीतली ट्रिमाल्कियोची मेजवानी. मध-खसखस लावलेले डॉरमाउस (उंदरासारखे छोटे प्राणी), पोट फाडल्यावर जिवंत पक्षी उडणारं रानडुक्कर, तो सगळा तमाशा. फक्त एक लक्षात असू दे, ही नवश्रीमंत माणसाची टिंगल आहे. टीव्हीवाले तिथूनच 'रोमन असं जेवायचे' म्हणून उचलतात आणि मग सगळ्यांना वाटतं रोज डॉरमाउस शिजत होते.

मुळशीकरीण

सिम्युलस नक्की वाचणार!! मेनू जवळपास ठरला: लिबम, मसूर-चेस्टनट, मोरेटम भाकरीबरोबर, मिरीवाला खजूर, उकडलेली अंडी, आणि हिंगाची बरणी आजच भरते. गोगलगायींना सुट्टी. @तेरकर सहलीचं गटात टाकलंय, दोघे लगेच तयार झाले. शेवटचा प्रश्न, सगळीकडे डेफ्रुटम लिहिलंय ते विकत मिळतं का, आणि दारू न पिणाऱ्यांना प्यायला काय देऊ?

तिखटमीठ

डेफ्रुटम म्हणजे द्राक्षाचा रस आटवून केलेला पाक, घरीच कर. काळ्या द्राक्षांचा रस, बिनसाखरेचा, मंद गॅसवर अर्ध्याच्या खाली येऊ दे, चमच्याला चिकटायला लागला की बंद. स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात कर. कोलुमेलाने शिशाचं भांडं वापरा म्हणून सांगितलंय, तेवढं सोडून त्याचं बाकी सगळं ऐक.

प्यायला हाच पाक थंड पाण्यात घालून दे, वर चिमूटभर मिरी. आणि सैनिकांचं पोस्का पण आहे, पाण्यात थोडं व्हिनेगर, बस. आवडेलच असं नाही, पण ग्रंथकीटकसारख्यांना द्यायला बरं.

ग्रंथकीटक

मी येतोय असं गृहीत धरलंय का? पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा, येतो. पोस्का नको, खजूर ठेवा.